करणची हजेरी

शांतिसेनेवर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेत अंबरनाथची मी एकटीच. बाकीचे दिल्लीत नाहीतर परदेशात शिकलेले. शांतता म्हणजे गार सभागृहात दाखवायच्या स्लाइड, एवढंच त्यांना ठाऊक. 'शांतता मोहिमांमध्ये बेपत्ता झालेले सैनिक' हा विषय निघाला आणि त्यात चामटोलीच्या एका जवानाचं नाव आलं, तेव्हा साहेब लगेच म्हणाले, "राजसी, हे तुझ्याच गावाकडचं आहे." जसं काही अंबरनाथ पूर्वेला राहिलं की चामटोलीतलं घरन् घर माहीत असतं. मी चिडले, पण गेले.

तो जवान म्हणजे करण. काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका छावणीतून संध्याकाळी बाहेर पडला तो परत आलाच नाही. चामटोलीत त्याच्या घराला कुलूप होतं. आईबाप आधीच गेलेले. पण त्याच छावणीत वायरलेस सांभाळणारा त्याचा मित्र धम्मदीप मोरिवलीत राहतो, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. फौज सोडून आता तो एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होता.

मोरिवली गाव आणि एमआयडीसी यांच्या मध्ये एक भिंत आहे. पलीकडे केमिकलच्या कंपन्या, अलीकडे घरं, कोंबड्या, बुद्धविहार. हवेला सडक्या फणसासारखा गोडसर वास. थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो, आणि घरी गेल्यावर आपल्याच ओढणीला येतो.

धम्मदीपचं घर अगदी भिंतीला लागून. दोन खोल्या, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या खाली खिळ्याला शांतिसेनेची निळी टोपी.

"सगळ्या फौजेच्या टोप्या हिरव्या, माझ्या पोराची निळी," त्याची आई रखमाबाई म्हणाली. "बाबासाहेबांचा रंग हाय तो."

ती टोपी निळी का असते यावर मी अर्धा तास बोलू शकते. तेव्हा गप्प बसले. तिचं कारण माझ्यापेक्षा चांगलं होतं.

धम्मदीप मात्र बोलायलाच तयार नाही. काहीही विचारा, उत्तर एकच. "सब ठीक था मॅडम." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोहिमा फसतात त्या या 'सब ठीक'मुळेच, हे मी प्रत्येक परिषदेत घसा फोडून सांगत आले आहे.

तेवढ्यात कंपनीचा संध्याकाळचा भोंगा झाला. धम्मदीप ताठ बसला. त्याच्या बायकोने, प्रगतीने, गॅस बारीक केला.

"आई?" त्याने पुकारलं.

"ठीक," रखमाबाई म्हणाली.

"प्रगती?"

"ठीक."

"करण?"

कोणी बोललं नाही. मग धम्मदीपनेच दोनदा घसा खाकरला आणि भलत्याच आवाजात, नाकातून, लांबवून म्हणाला, "ठीऽऽक है."

प्रगतीने गॅस मोठा केला. जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर तो बोलला. छावणीत रोज संध्याकाळी वायरलेसवर प्रत्येकाला पुकारायचे आणि प्रत्येकाने ठीक म्हणायचं. ज्याचं उत्तर येणार नाही, त्याला शोधायला तुकडी तडक निघायची. त्या दिवशी करण जवळच्या लाल मातीच्या टेकडीवर गेला होता, कारण मोबाइलला रेंज तिथेच यायची. जाताना म्हणाला, माझी हजेरी मारून ठेव. सगळेच एकमेकांची मारायचे. धम्मदीपला तर त्याची नक्कल अशी जमायची की सगळी छावणी हसायची. आधी दोनदा खाकरायचं, मग नाकातून.

"पूरी रात कोई ढूँढने नहीं गया मॅडम," तो म्हणाला. "मी ठीक म्हटलं होतं ना."

प्रगती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे रोजचं बंद करायला सांगा ना यांना. झोप नाही, जेवण नाही, ड्युटीवर लक्ष नाही. एक दिवस असेच बसल्या जागी जातील. मला दुसरं काही नको ताई, माझा माणूस मला परत पाहिजे."

सांगते म्हटलं. मला वाईट वाटलं होतं, खूपच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. रस्त्यात आईचा फोन आला. मी बाहेर असले की संध्याकाळी तिचा फोन ठरलेला: "कुठे आहेस गं, ठीक आहेस ना?" मी ठीक म्हटलं की तिचं समाधान. पुढे एक अक्षर विचारायची नाही.

भोंगा झाला तेव्हा धम्मदीप वरून पाणी पीत होता. तांब्या न ठेवताच त्याने आईला पुकारलं, प्रगतीला पुकारलं, करणला पुकारलं, आणि पुन्हा तोंड वर करून पाण्याची धार धरली.

दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"ठीऽऽक है."

धम्मदीपने तांब्या खाली ठेवला. पाणी अजून त्याच्या तोंडातच होतं. ते त्याने नंतर गिळलं.

भिंतीपलीकडे कामगार असतात, पत्र्यावर आवाज घुमतो, असं मी स्वतःला सांगितलं. रखमाबाई खाली मान घालून लसूण सोलत होती. धम्मदीप माझ्याकडे न बघता म्हणाला, "हल्ली कधी कधी मला बोलावं लागत नाही."

"मग ऐकून का घेता?" मी तापलेच. घाबरले की मी तापते. "हजेरी घ्यायला कंट्रोलवर तुम्हीच आहात ना? तो करण नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उद्या सरळ सांगा, उत्तर नाही. एकदा तरी खरं बोला. सुटाल."

त्याने खिळ्यावरच्या टोपीकडे पाहिलं. "उत्तर नाही म्हटलं की शोधायला निघावं लागतं मॅडम."

"कोणाला?"

"ज्याने ठीक म्हटलं होतं, त्याला."

दुसऱ्या दिवशी प्रगतीने मुद्दाम बोलावलं म्हणून मी पुन्हा तिथे होते. आभाळ पिवळट झालं होतं. भोंगा झाला.

"आई?"

"ठीक."

"प्रगती?"

"ठीक."

"करण?"

कोणीतरी एकदा खाकरलं.

"उत्तर नाही," धम्मदीप मोठ्याने म्हणाला.

दुसरं खाकरणं आलंच नाही. पलीकडची मशीनंसुद्धा थांबल्यासारखी वाटली. धम्मदीप उठला, खिळ्यावरची टोपी काढून नीट डोक्यावर बसवली आणि हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक फेरी मारून येतो," तो म्हणाला आणि भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. वळणापर्यंत निळी टोपी दिसत होती.

तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रगतीचा फोन आला तशी मी धावत गेले. ड्युटीवर नाही, बहिणीकडे नाही, दवाखान्यात नाही. पोलिसांकडे द्यायला त्याचा फोटो आणि आधारकार्ड तिने पिशवीत घातलं होतं. आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात भोंगा झाला.

रखमाबाई बसल्या जागी ताठ झाली. सवयीनेच असेल, आता तीच पुकारायला लागली.

"प्रगती?"

"ठीक," प्रगती रडत म्हणाली.

"धम्मदीप?"

आतल्या खोलीत कोणी नव्हतं. आत्ताच मी तिथून पाणी पिऊन आले होते.

तिथे कोणीतरी दोनदा खाकरलं.

"धम्मदीप, ठीऽऽक है."

प्रगतीचं रडणं थांबलं. तिने हळूच चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली.

"प्रगती, हा त्याचा आवाज नाही."

"ठीक आहेत ना ते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मला बघवेना. "मग उगाच कशाला शोधायचं, ताई?"

रखमाबाईनेही मान हलवली. प्रगती आत गेली आणि भांडी वाजायला लागली. स्वयंपाक चौघांचा चालला होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

माझं डोकं मात्र ठिकाणावर होतं. ही जाणार नसेल तर मी जाते, माणूस हरवलाय ही तक्रार मी देते, असं ठरवून मी भिंतीच्या कडेने झपाझप चालायला लागले. रस्ता रोजचाच. वळण मात्र येईना. फणसाचा तो वास वाढत गेला, आणि पायांखालची माती लाल झाली होती. मोरिवलीत माती काळी आहे.

फोन वाजला. आई.

"कुठे आहेस गं? ठीक आहेस ना?"

मी तोंड उघडलं.

माझ्या खांद्यामागे कोणीतरी दोनदा खाकरलं, आणि नाकातून, लांबवून, माझं नाव घेऊन उत्तर दिलं.

"बरं बरं," आई म्हणाली. "मग मी जेवून घेते." आणि तिने फोन ठेवला.