शालिग्रामची सव्वा मूठ

आमच्या गावात वार बाजारावरून कळतो. आज कुठला बाजार, उद्या कुठला, बस. म्हणून भाऊनं सांगितलं की पोर्तुगीज लोकसुद्धा दिवसाला बाजारच म्हणतात, तेव्हा मला ती भाषा लगेच आपली वाटली. सोमवार म्हणजे दुसरा बाजार, सेगुंदा फैरा. मंगळवार तेर्सा फैरा. शाळेत मला इंग्रजीचे वार धड आले नाहीत, आणि हे दोन दुपारीत पाठ झाले.

शाळा मी नववीत सोडली. मास्तरांनी वेणी ओढली, मी त्यांचा हात चावला, आणि परत गेले नाही.

भाऊ म्हणजे शालिग्राम. पाण्याचे पाइप जोडायचा. जळगावच्या एका शेठनं त्याला आफ्रिकेत मोझांबिकला कामाला न्यायचं ठरवलं. तिथं पोर्तुगीज चालते, म्हणून शेठनं एक कॅसेट दिली. कॅसेटमध्ये एक बाई आहे. ती विचारते, ‘के ऑराश साँव?’ किती वाजले? मग थांबते. त्या थांबण्यात आपण उत्तर द्यायचं. बुधवार आला की भाऊ हमखास अडायचा. ‘क्वार्ता’ म्हणायचा आणि जिभेनं च्च करायचा. मी हसायचे.

“इतलं येस तं तूच जाय मना बदल,” तो म्हणायचा.

“माले धाडतीन का?”

“पोरीस्ले कोन धाडस?”

मी त्याला लाटणं फेकून मारलं होतं. लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवस उशिरा गेला असता.

तो गेला दीडच्या एसटीनं. फाट्यावर हात दाखवला की ती थांबते, नाहीतर हॉर्न मारून निघून जाते. कॅसेट माझ्याजवळ ठेवून गेला.

होळीपासून त्याचं पत्र नाही. आषाढात शेठचा माणूस आला. खाटेवर बसला, चहाला हात लावला नाही. तिकडं लढाई संपली, पण रस्त्यांत सुरुंग राहिलेत म्हणाला. जीप गेली ती आली नाही. शालिग्रामचा पत्ता नाही.

“पत्ता नही म्हंजे?” मायनं विचारलं.

तो उठून चपला घालायला लागला.

आता श्रावण. श्रावणात रविवारी आमच्याकडं कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजून घेतात. घरातल्या एकेका पुरुषाची सव्वा मूठ. माणूस गावात असो की सुरतेला, जिवंत आहे तोवर त्याची मूठ सुपात पडते. गेला की बंद. बायकांची मूठ नसते. लहानपणी मी विचारलं होतं, माझी कुठंय? सगळं घर हसलं होतं.

यंदा मूठ मोजण्यावरून पेटलं. झुलाल नाना माझ्या बापाचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर तोच घरचा मोठा. भावजयीशी तो सरळ बोलत नाही, आणि मायसुद्धा त्याच्यापुढं पदर ओढून भिंतीकडं तोंड करते. एकाच खोलीत दोघं, मधी मी.

“मंजे, तुनी मायले सांग,” नाना म्हणाला. “यंदा शालिग्रामनी मूठ धरानी नही. मरेल मानोसनी मूठ धरी तं कानबाई कोपस.”

“नानाले सांग,” माय भिंतीला म्हणाली, “मरेल शे म्हनीसन कोन सांगस? मी मूठ नही धरी तं मीच मारा मना पोऱ्याले.”

“तुम्हीच बोला ना एकमेकांशी!” मी ओरडले. “मी काय पोस्ट शे?”

गहू शनिवारी मोजायचे होते.

बुधवारी माय निंदणीला गेली. मी टेप लावला, उगाच, भाऊची आठवण आली म्हणून. बाहेर दीडची बस हॉर्न मारून गेली. बाईनं विचारलं, ‘के ऑराश साँव?’ आणि थांबली.

त्या थांबण्यात कुणीतरी श्वास घेतला.

“साँव देश ऑराश.” दहा वाजलेत.

आवाज भाऊचा होता.

मी टेप बंद केला. डोकं चालत होतं. भाऊनं जाताना भरला असेल. कॅसेट काढून पाहिली. कोपऱ्यातले दोन्ही तुकडे मोडलेले, म्हणजे तिच्यात काही भरताच येत नाही. आणि दिवाळीत मी हीच ऐकली होती, तेव्हा तिथं नुसती खरखर होती.

परत लावली. बाईनं वार विचारला.

“क्वार्ता... च्च. क्वार्ता फैरा.”

बुधवार. भाऊचं पत्र आठवलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. आपल्याकडं दीड, तर तिकडं दहा. जमत होतं.

तरी म्हटलं, योगायोग असेल. गुरुवारी बस गेली तशी टेप लावली. “किंता फैरा,” भाऊ म्हणाला. गुरुवारच. पण दहा नाही म्हणाला. साडेअकरा म्हणाला.

शुक्रवारी साडेबारा.

मी चुलीपाशी बसून बोटांवर करून पाहिलं, तीनदा. पत्रात त्यानं लिहिलं होतं, आपल्या दिशेनं निघालं की घड्याळ पुढं पुढं करावं लागतं. मग तो निघाला होता.

मायला सांगितलं. ती टेपपुढं बसली, कान लावून. तिला बाईच तेवढी ऐकू आली.

“तुले ऐकू येस?”

“हा.”

“काय म्हनस?”

“वाटमा शे.”

तिनं पदरानं टेप पुसला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा. शनिवारी नानासमोर सुपात मूठभर गहू टाकले, वर पाव मूठ. नाना तिच्याकडं बघू शकत नव्हता, म्हणून माझ्याकडं बघत राहिला.

“मंजे, तुना भरोसावर,” एवढंच बोलला.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, हार, घरभर तुपाचा वास. दुपारी मी टेप ओट्यावर नेला. नानाचा मुलगा पुना दात काढत होता. “काय वं मंजी, तिकडना बाजारमा गहूना भाव काय शे?”

“तुना दात पाडसू,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.

बाईनं विचारलं. थांबली.

टेपमध्ये हॉर्न वाजला. रस्ता रिकामा होता.

टेपमध्ये बस थांबली. दार आपटलं. मुरमावर पावलं वाजली. टेपमध्येच नाना खोकला.

मग बाहेर हॉर्न वाजला. वळणावर बस दिसली. माझ्या शेजारी नाना खोकला.

माय तांब्या घेऊन उठली, पाय धुवायला.

बस थांबली नाही. धूळ तेवढी राहिली.

“उमा इ मैया,” भाऊ टेपमध्ये म्हणाला. दीड. आमचाच दीड.

माय बराच वेळ तांब्या धरून उभी होती. पुना हसला नाही.

भाऊच्या वाट्याचा रोट ताटाखाली झाकला. रोट भाऊबंदांनीच संपवायचा असतो, बाहेर द्यायचा नसतो. पण त्याला कुणी हात लावेना. सोमवारी नदीच्या पाण्यात कानबाई शिरवून आलो, तरी ताट तसंच होतं.

त्या दुपारी मी एकटीनंच टेप लावला. सोमवार होता. भाऊ म्हणाला, “तेर्सा फैरा.”

मंगळवार.

तो आमच्यापर्यंत येऊन थांबला नव्हता. पुढं निघून गेला होता.

मायला हे कसं सांगणार? मी सांगितलं नाही.

काल परत लावला. काल तो बुधवार म्हणाला, अडला, च्च केलं. त्याच्या आवाजामागं आमचं घर होतं. मायच्या बांगड्या. नानाचा खोकला. आमच्या माठावर तांब्या ठेवल्याचा आवाज, मी तो झोपेतही ओळखीन. भाऊ आमच्याच घरात होता, फक्त उद्याच्या दिवसात. मी टेपच्या जाळीला गाल लावून बसले. जाळी गरम लागत होती. एवढ्या जवळ तो गेल्या वर्षापासून नव्हता. मी विचारलं, बाईच्या आधी, माझ्या तोंडानं. के ऑराश साँव? त्यानं सांगितलं. माझ्याशी बोलला.

“इकडं कसं यायचं?” हे विचारायला पोर्तुगीज मला येत नाही. मी मराठीतच विचारलं. तो नुसता हसला.

आज बुधवार. माय निंदणीला गेली. बस हॉर्न मारून गेली. मी टेप लावला.

“किंता फैरा,” भाऊ म्हणाला. उद्याचा वार.

त्याच्यामागं दीडची बस आली. फाट्यावर थांबली. दार आपटलं. बस निघाली.

मग टेपमध्येच माय ओट्यावर आली, बांगड्या वाजल्या.

“मंजे!”

थोडं थांबून परत. “मंजे, वं मंजे!”

ओ कुणी दिली नाही.

मग नाना मायशी सरळ बोलला. मधी मी नव्हते.