पालथा पाव

‘तीन विळे’मध्ये जेवायला न्यायचं बाझीलने बायकोला, क्लोतिल्दला, दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या कबूल केलं होतं. त्यानंतर त्याचे केस गेले आणि परत आले, वजन गेलं आणि तेही बऱ्यापैकी परत आलं. मंगळवारी मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळून सांगितलं, की रक्तात आता काही सापडत नाही, पुढच्या वर्षी या. घरी आल्या आल्या त्याने पहिला फोन केला तो खाणावळीला. क्लोतिल्दने न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं आणि नळ सोडून पोटभर रडली. दोन वर्षं तिने ते रडू राखून ठेवलं होतं.

लियों शहरात जुन्या खाणावळींना तोटा नाही, पण ही राजाचं डोकं उडालं त्याच्याही आधीची. दारावर लोखंडी पाटी, तिच्यावर तीन विळे. आत धुराने काळं पडलेलं लाकूड, पितळेच्या खुंट्या, भिंतीला लागून लाल गाद्यांचे बाक. समोरच्या चौकात एके काळी काय उभं असायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण जेवताना तो विषय कुणी काढत नाही.

गुरुवारची दुपार होती. मालकीण मादाम जोसरां दोघांचे कोट हातावर घेऊन पुढे चालू लागली. स्वयंपाकघराच्या दाराशी एकाच खुर्चीचं एक छोटं टेबल मांडलेलं होतं. पांढरं कापड, एक पेला, एक सुरी आणि एक लहानसा गोल पाव, पालथा घातलेला. जाता जाता क्लोतिल्दच्या हाताने तो सुलटा केला. हाताने म्हणायचं, कारण डोक्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. ती तेव्हा बाझीलच्या पाठीकडे बघत होती आणि नवीन सदरा त्याच्या खांद्यांना पुन्हा भरल्यासारखा बसतो याचा तिला आनंद होत होता.

पाव सुलटा करायचं वळण आजीचं. पालथा पाव जल्लादाचा, असं आजी म्हणायची. पूर्वी भट्टीवाले जल्लादाचा पाव पालथा घालून बाजूला ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. पुढे जल्लाद गेले, पण वळण राहिलं. पाव पालथा दिसला की मोठी माणसं बोलणं न थांबवता तो सुलटा करतात आणि मुलं त्यांचं बघून शिकतात. क्लोतिल्दने जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी शिक्षकांच्या जेवणघरातले पालथे पाव तीच सुलटे करायची, आणि त्यावरून बाझील तिला आजवर चिडवत आला होता.

तिला भिंतीकडचा बाक मिळाला, बाझील समोर खुर्चीवर, खोलीकडे पाठ करून. बसल्या जागेवरून तिला सगळी टेबलं दिसत होती. मादाम जोसरांने दोघांपुढे एकेक पाव ठेवला आणि वाइनची जाड बुडाची बाटली आणली.

“मास्तरीणबाई, आज हिशेब करायचा नाही,” बाझील म्हणाला. “लोणी किती, मलई किती, काही नाही. आज मी वाडगं चाटून पुसून खाणार आहे.”

“खा रे बाबा. मी कुठे काही म्हणतेय?”

“तोंडाने नाही म्हणत तू. भुवईने म्हणतेस.”

ती हसली आणि तिची नजर खाली गेली. बाझीलपुढचा पाव पालथा होता. मादामने तो सुलटा ठेवलेला तिने स्वतः पाहिला होता, निदान तसं वाटत तरी होतं. तिने हात लांब करून तो सुलटा केला.

“झालं, सुटलो,” बाझील मान चोळत म्हणाला आणि पाव मोडून लोण्याला भिडला.

शेजारच्या टेबलावर राखी कोटातला एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं आणि न बघताच डाव्या हाताने स्वतःपुढचा पाव सुलटा केला. त्याच्या पलीकडे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. माशाच्या गोळ्यांत मीठ जास्त झालंय की कमी यावर त्यांचा वाद रंगला होता. वाद घालता घालता धाकटीने एक पाव सुलटा केला. पुढच्या टेबलावर दारूचे दोन व्यापारी. त्यांतल्या जाड्याने हसता हसता तेच केलं.

क्लोतिल्दने काटा खाली ठेवला. तिने आपलं टेबल हलवून पाहिलं. पक्कं होतं. आपल्यापुढचा पाव पालथा करून पाहिला, परत सुलटा केला. तो मुकाट्याने तसाच राहिला. खोलीत वारा नव्हता, कुणी टेबलांमधून फिरतही नव्हतं. तरी पालथा पाव भिंतीच्या कडेने, एक टेबल सोडलं की पुढचं, असा सरकत होता. प्रत्येक ठिकाणी एक हात पुढे व्हायचा, पाव सुलटा करायचा आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचा. एकाही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

“कुठे हरवलीस?”

“काही नाही. मलईतली कोंबडी छान आहे.”

“तू अजून खाल्लीच नाहीस.”

बाझील हात धुवायला उठला तेव्हा मादाम जोसरां ताटं बघायला आली. तिचा चेहरा उतरला होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, “दाराशी एक पाव होता. तुम्ही तिथून गेलात ना?”

“मी सुलटा केला. सवयीने.”

“सगळेच करतात हो. म्हणून तर कोपऱ्यात मांडतो. आज मीच पुढे चालले, मागे बघायचं राहिलं.”

“मग परत पालथा ठेवा.”

“आत्ताच ठेवून आले.”

दोघींनी तिकडे पाहिलं. दाराशी पाव सुलटा होता.

“आता त्याला तो चालत नाही,” मादाम म्हणाली. “एकदा हात लागला की नाही चालत. तो दुसरा बघतो.”

“कोण?”

मादामने ओल्या हाताने टेबलावरचा चुरा गोळा केला. “माझ्या सासूने मला विचारू दिलं नाही, मी तुम्हाला काय सांगू? मागच्या खेपेला आमचे हे तुमच्याच जागी बसले होते. पेपरात तोंड खुपसून. पाव पालथा होऊन पुढ्यात आला आणि तसाच राहिला, यांच्या ध्यानातच आलं नाही. पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही.”

“मग लोकांना सांगा ना!”

“काय सांगू, मादाम? सुलटा करा म्हणून, की करू नका म्हणून?”

बाझील रुमालाला हात पुसत परत येत होता. मादाम लोण्याची रिकामी वाटी उचलून निघून गेली. क्लोतिल्दच्या मनात दुसरं काही उरलं नव्हतं. हा माणूस तिने दोन वर्षं ओढून आणला होता. तो परत द्यायचा नाही, एवढंच तिला कळत होतं.

पाव खोलीला वळसा घालून अलीकडे येत होता. खिडकीजवळच्या पाद्र्याने सुलटा केला. त्याच्याजवळच्या नवराबायकोने दोघांनी एकदमच हात घातला आणि बोटं लागली म्हणून ती हसली. मग तो क्लोतिल्दच्या डाव्या हाताला, अगदी शेजारच्या टेबलावर आला. तिथे एक तरुण आई होती आणि उंच खुर्चीत तिची मुलगी, दात नुकतेच येऊ लागलेली. मुलीपुढच्या फळीवर चघळायला दिलेला पाव होता. तो पालथा होता.

आई मुलीच्या गळ्यातलं खाली पडलेलं फडकं धुंडाळत होती. तिचं लक्ष नव्हतं.

क्लोतिल्द बघत राहिली. आईने फडकं उचललं, झटकलं, पुन्हा बांधलं. पाव तसाच. इथेच थांबला तर, असं क्लोतिल्दला वाटलं. अगदी स्पष्ट शब्दांत वाटलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली. मुलीने पावावर ओला तळहात आपटला आणि क्लोतिल्दकडे बघून हसली.

तिने बाझीलचं ताट पाहिलं. त्याने पाव केव्हाच संपवला होता, चुरासुद्धा बोटाने टिपला होता. या टेबलावर आता एकच पाव होता. तिचा. न मोडलेला.

ती वाकली आणि तिने मुलीचा पाव सुलटा केला.

“थँक्यू हं,” आई म्हणाली. “माझ्या लक्षातच आलं नाही.”

क्लोतिल्द नीट बसली. तिने रुमाल सरळ केला. मग खाली पाहिलं.

तिचा पाव पालथा होता.

“अजून एक पाव मागवू का?” बाझील म्हणाला. “रस्सा उरलाय.”

“नको.”

“अगं, एकच.”

“नको म्हटलं ना. पुरे.”

“बघ, आली भुवई,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा हात तिच्या पावाकडे निघाला. सहज, सवयीने, तिचीच सवय इतक्या वर्षांत त्याला लागली होती.

तिने त्याचं मनगट पकडलं.

“काय झालं?”

“काही नाही. हात दे असाच.”

तो बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. त्याने दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. “मीसुद्धा घाबरलो होतो गं,” तो म्हणाला. “तुला सांगितलं नाही एवढंच.”

स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

तिने तिकडे बघितलं नाही.

बहिणींचा मिठाचा वाद थांबला. व्यापारी गप्प झाले. खाणावळीतलं मांजर बाकाखालून निघून दाराबाहेर गेलं.

मग पुन्हा सगळे बोलू लागले.

कॉफी येईपर्यंत तिने हात सोडला नाही. निघताना पावाला कुणी स्पर्श केलेला नव्हता. दाराशी खुर्ची मागे ओढलेली होती, आणि टेबलावरची सुरी नव्हती. मादाम जोसरांने तिला कोट घालायला मदत केली, कॉलर नीट केली, पण निघताना सगळ्यांना म्हणायची तसं “पुन्हा या” म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाझील शीळ घालत अंडी उकडत होता, तेव्हा क्लोतिल्द कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. फळीवर पाव ओळीने मांडलेले होते, सगळे सुलटे. टोकाला एक पालथा.

“हा तुमचा,” बेकरीवाली म्हणाली. “बाजूला काढून ठेवलाय.”

“मी सांगितलं नव्हतं.”

“दुकान उघडायच्या आधी एक जण सांगून गेला. तुमच्या ओळखीचा असेल, नाव बरोबर घेतलं.”

क्लोतिल्दने फळी पुन्हा पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“एकच ठेवायला सांगितला ना?”

“एकच.”

“नक्की? दोन नाही?”

“अहो मादाम, एकच. तुमचाच म्हणाला.”

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने दोनदा आभार मानले, वर बाझीलसाठी एक वेगळा पाव घेतला, सुलटा. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. रस्त्यात तिने आपल्या पावाचा कागद उघडून पाहिला. पाव गरम होता. एका कडेने त्याचा घास कुणीतरी आधीच तोडून घेतला होता.