दोन हिसके

या, असे जवळ बसा. ही ऐकीव गोष्ट नाही बरं का, माझ्या सख्ख्या मेहुण्यावर गुदरलेली आहे.

रानाच्या कडेला तो मुलांचं उन्हाळी शिबिर घ्यायचा. झाडं ओळखायची, पाखरांचे आवाज ऐकायचे, म्हाताऱ्यांकडून जुनी गाणी शिकायची. सगळे त्याला मास्तर म्हणत. बायको गेलेली, मुलगी सातासमुद्रापार. वर्षातले ते आठ दिवस त्याच्या घराला घरपण. बाकी वर्षभर घर नुसतं खायला उठायचं.

शेवटच्या रात्री एक खेळ असे. झाडाझाडांमधून एकच लांब दोर ओवायचा, टोकं तेवढी बांधायची. दिवे बंद. दोर धरून एकेकाने चालायचं, खोड चाचपून झाड ओळखायचं. भीती वाटली तर ओरडायचं नाही, पाखरं दचकतात. दोराला दोन हिसके द्यायचे. मास्तरही दोन हिसके देणार. म्हणजे ‘आलो’. आणि तो जायचाच, शब्दाचा पक्का.

त्या वर्षी एकवीस मे, मंगळवार. खेळ संपला, तेवीस पोरं घेऊन बस नऊला गेली. पावणेदहाला मास्तर दोर सोडायला निघाला. गाठीला हात घातला, तोच...

दोन हिसके.

पोर मागे राहिलं की काय! सवयीने त्यानेही दोन हिसके दिले आणि ड्रायव्हरला फोन लावला.

“पोरं मोज रे, आत्ताच्या आत्ता!”

“तेवीस आहेत, मास्तर. घोरतायत सगळी. का हो?”

मास्तरने फोन ठेवला.

पुन्हा दोन.

तो दोर धरून निघाला. पाचवं झाड... नववं... शेवटचं. कोणी नाही. दोर तेवढा एका जागी कोमट लागला. लहान मुठीएवढ्या जागी.

“बाळा... कुठं आहेस?”

मग हिसके आले. मागून. तो आला होता त्या बाजूने.

मास्तर पळाला. काट्याकुट्यातून, आडवातिडवा. घरात शिरून कडी घातली आणि उजाडेपर्यंत बसून राहिला. “भीतीचं काही नाही रे,” मला म्हणाला, “पण ‘आलो’ म्हणून सांगितलं आणि पोराला एकटं टाकून आलो.” बोलताना रडत होता.

सकाळी कडी काढून दार आत ओढलं. उघडेना. खिडकीतून उतरून बघतो, तर बाहेरच्या कडीला दोर. पोरं मारतात तशी कच्ची गाठ. दुसरं टोक रानात गेलेलं.

आणि दोर... ताणलेला होता.