अर्जंटचा ट्रे

कुसुमताईंनी खासगी गुप्तहेर मुग्धा काळमेघच्या टेबलावर लॅबचा रिपोर्ट ठेवला. त्यांच्या तिखटात कृत्रिम रंग सापडला होता.

"बेसा गावच्या आमच्या बचत गटात अकरा बाया आहेत, मॅडम. रंगाले आम्ही हात लावत नाही. उद्या हॉस्टेलची ऑर्डर ठरते. हा रिपोर्ट तिथं गेला का आमची चक्की बंद."

"सॅम्पल कधी दिलं?"

"मंगळवारी सकाळी. लाल पेनानं तीनदा अर्जंट लिहिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला."

"म्हणजे लिहिल्याचा उपयोग झाला," मुग्धाचा सहायक साहिल म्हणाला.

"तिखटाचं नवं पॅकेट घ्या आणि चला आमच्यासोबत," मुग्धा कुसुमताईंना म्हणाली.

सीताबर्डीच्या लॅबमध्ये काउंटरवर वैभवी होती. पुढ्यात दोन उघडे ट्रे. मोठा ओसंडत होता, लहान जवळपास रिकामा.

"सगळेच अर्जंट लिहितात, मॅडम. ते मोठ्या ट्रेमध्ये जातात, तीन दिवस लागतात. काही न लिहिलेले दोन-चारच येतात, ते त्याच दिवशी निघतात."

साहिल चक्रावला. घाई असणाऱ्याला उशीर आणि निवांत माणूस आधी?

"मग कुसुमताईंचं मंगळवारीच कसं निघालं?" मुग्धाने विचारलं.

वैभवी गोंधळली. "मी तर मोठ्यातच ठेवलं होतं."

तपासनीस अंकुशने आतून पॅकेट आणलं. त्यावर फक्त कुसुमताईंचं नाव होतं, अर्जंट कुठेच नव्हतं. "लहान ट्रेमधून आलं, तपासलं. सही माझी आहे. नोकरी जाते आता माझी."

बाकावर विश्वनाथ बसला होता. तोही तिखटाचा व्यापारी, त्याच ऑर्डरच्या मागे. मंगळवारीही इथेच होता.

"कुसुमताईंचं पॅकेट पाहिलं होतं?" मुग्धाने त्याला विचारलं.

"नाही बा. मी काहून पाहू? मी आपल्या रिपोर्टची वाट पाहून राहिलो होतो. मले संध्याकाळपर्यंत भेटते." तो हसला. "लाल पेनानं तीनदा लिहून भेटत असता, तर मीही लिहिलं असतं."

"अंकुशच आहे," साहिल कुजबुजला.

"अंकुशला पॅकेट बदलायची गरज काय?" मुग्धाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "त्याने आहे त्यातच रंग टाकला असता. वैभवीनेही रंग टाकून तेच पॅकेट लहान ट्रेमध्ये सरकवलं असतं. कोरं पॅकेट अशा माणसाला लागतं, जो आत तपासणीच्या टेबलापर्यंत पोचू शकत नाही, पण इथली रीत ओळखून आहे. विश्वनाथजी, तुम्हाला रोज घाई असते, तरी तुमच्या एकाही पॅकेटवर अर्जंट नसतं."

"तो काय गुन्हा आहे?"

"नाही. पण न पाहिलेल्या पॅकेटवर लाल पेनानं तीनदा लिहिलंय, हे तुम्हाला कसं कळलं? ते मोठ्या ट्रेमधून तुम्हीच उचललंत आणि रंगाचं पॅकेट लहान ट्रेमध्ये टाकलंत."

विश्वनाथने वैभवीकडे पाहिलं, मग खाली. "त्यांचं पॅकेट घरी आहे माझ्या," तो पुटपुटला.

अंकुशने कुसुमताईंच्या हातून नवं पॅकेट घेतलं आणि त्यांच्यासमोरच तपासायला बसला. दोन तासांनी त्याने नवा रिपोर्ट दिला. रंग नव्हता.

कुसुमताईंनी तो दोनदा वाचला आणि फोन लावला.

"बायजाबाई, चक्की सुरू करा वं."