कपडेखोलीतला श्वास

"भोंग्या, हळू बोल! भूत पळून जाईल!"

"जाऊ दे की! मला काय त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

मुंगीने त्याला कोपराने ढोसलं. चष्म्याने बाहेरून कुलूप लावलं. नाट्यगृहाच्या कपडेखोलीत आता चिटपाखरू नव्हतं. होते फक्त टांगलेले राजे, राण्या, चेटकिणी, आणि शिलाई मशीनवर ठेवलेला काडेपेटीएवढा मीटर.

मीटर मुंगीच्या आत्याचा. ती बंद शेडमध्ये अळिंबी पिकवायची. आत हवा कोंडली की मीटरचा आकडा चढायचा, तो आत्याला मोबाइलवर दिसायचा.

"श्वासाने हवा कोंडते ना? मग भूत श्वास सोडत असेल तर इथेही सापडेल!" ही मुंगीची अक्कल.

तिला घाईच होती. तिचे आजोबा इथले शिंपी. चाळीस वर्षं याच खोलीत मशीन चालवत होते. हल्ली रोज दुपारी त्यांचं डोकं ठणकायचं आणि झगे आपसांत कुजबुजायला लागायचे! मॅनेजर म्हणाले, "म्हातारबांना भ्रम झालाय. सोमवारपासून घरी बसवा." तेव्हापासून आजोबांनी कात्री खिशात टाकली होती, ती बाहेर काढलीच नव्हती.

आज शनिवार होता.

तीन वाजले. मुंगीने मागून आणलेल्या आत्याच्या मोबाइलवर आकडा हलला. पाचशे. आठशे. चौदाशे!

"एवढा आकडा म्हणजे..." चष्म्याने बोटांवर मोजलं, "आत दहा-बारा माणसं तरी हवीत."

"दहा-बारा?" भोंग्याचा भोंगा पहिल्यांदाच बसला.

मुंगीने दाराच्या फटीला डोळा लावला. सगळे झगे गप्प होते. भिंतीलगतची चेटकीण मात्र बाही हलवत होती. सावकाश. ये, ये म्हटल्यासारखी!

मुंगी एक पाऊल मागे सरकली. पण आजोबांची कात्री आठवली. तिने कुलूप काढलं, दार सताड उघडलं, नाक दाबलं आणि धावत जाऊन झगा बाजूला सारला.

मागे पोस्टरवर राणीचा चेहरा होता. त्याचे गाल फुगत होते. बसत होते. फुगत होते...

"राणी श्वास घेतेय!" भोंगा किंचाळला.

मुंगीने भिंतीला हात लावला. तापलेल्या कपाळासारखी गरम! ती दोघांना ओढत बाहेर आली आणि एकदम हसली.

"पलीकडे काय आहे रे?"

"बेकरी. तीनला भट्टी पेट... अरेच्चा!" चष्म्या म्हणाला.

"हात लावायचा नाही पोस्टरला!" मॅनेजर ओरडत आले. "मी स्वतः चिकटवलंय. भूतबित काही नसतं!"

"मग पाच मिनिटं आत उभे राहा ना, काका," मुंगी गोड आवाजात म्हणाली. "दार उघडंच ठेवू."

तोवर भोंगा बेकरीत पोचला होता. पाव अजून भट्टीत गेले नव्हते. बेकरीवाल्या मावशींना त्याने दोन वाक्यांत सांगितलं, आणि धूर कुठे जातो ते बघायला त्यांनीच मूठभर सुक्या मिरच्या भट्टीत भिरकावल्या.

"कुठंय भूत? आँ? आँ... आ... आक्छी!"

राणीच्या गालांतून मिरचीचा भपकारा आला. मॅनेजर डोळे चोळत, ठेचकाळत चेटकिणीच्या झग्यासकट बाहेर पडले! मावशींनी ताबडतोब भट्टी विझवली.

पोस्टर फाडल्यावर हाताएवढी भेग निघाली. भट्टीच्या धुराड्यातली कोंडलेली हवा आणि तिच्यासोबत विषारी वायू रोज त्यातून आत यायचा.

"भेग दिसली होती," मॅनेजर पुटपुटले. "गवंडी बोलवायचा कंटाळा. पोस्टर हाताशी होतं..."

डॉक्टरांनी आजोबांना तपासलं. "त्या वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, भास होतात. आणखी थोडे दिवस गेले असते, तर हे खुर्चीतून उठलेच नसते."

मॅनेजरांनी मान खाली घालून आजोबांचे हात धरले. "चुकलो. सोमवारी या. पण आधी भिंत बांधून घेतो."

"माझ्या अळिंबीच्या मीटरने माझे बाबाच वाचवले की गं!" आत्या रडत-हसत म्हणाली आणि तिघांच्या पाठीवर धपाटे घातले.

आजोबांनी खिशातून कात्री काढली, गळ्यातली टेप मुंगीच्या खांद्यावर ठेवली.

"भुतं पकडणाऱ्यांना गणवेश नको का? सरळ उभी राहा!"

"आजोबा, माझ्याला मिरचीचा खिसा!" भोंगा ओरडला.