पोटाले द्या

"बाजाराच्या दिवसाआधी राहीबाईची सून मनकर्णा बाळंत होते, लावता पैज?" देवाजीनं चंपतरावाच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर मांडी ठोकली.

"नाई होत," चंपतराव म्हणाला. "जो हारन त्यानं गळ्यात बैलाची घुंगरमाळ घालून भरल्या बाजारात 'मी बैल हाव' म्हणून वरडाचं."

"कबूल!"

ओटा खिदळला. बाजूला जडीबुटीवाली सुईण बयनाबाई पुड्या बांधून राह्यली होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती सांगे अन् तहसिलीतला खोडकर चपराशी देवाजी पुडीवर लिहून देई. त्या दिवशीही त्यानं हसता हसता पाच पुड्या उरकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळीच बोंब उठली. मनकर्णेला उलट्या, ढाळ, घशात आग. बाळ अजून पोटातच. नेरडीगोंड्याच्या रस्त्यावर ट्रक थांबवून तिला आदिलाबादला नेलं. दुपारी निरोप आला: डॉक्टर म्हणते, कळलावीच्या कंदाचं विष हाय. उतारा नाई. सलाईन लावून वाट पाहाची.

पुडी बयनाबाईची, म्हणून गावानं तिला लिंबाखाली धरून बसवलं. ठाण्यातल्या जमादाराला बोलावणं गेलं.

देवाजीच्या दोन्ही पोरी याच बाईच्या हातून झालेल्या. तो गर्दीत घुसला.

"जमादार येईस्तोवर मले विचारू द्या. राहीबाई, सुनेले काय देलं?"

"पुडीतला कंद. उगाळून, गुळात."

"गूळ कोनाचा?"

"चंपतरावाचा."

"ए देवाज्या!" चंपतराव उसळला. "पैज जिंकाले मी इख घालीन का बे?"

"त्याच गुळाचा च्या आमी समदे पेलो," राहीबाई म्हणाली. "कोनाले काई नाई झालं."

गूळ सुटला. देवाजी वळला. "बयनाबाई, कळलावी खायाले काऊन देली?"

"खायाले?" म्हातारीनं कपाळ बडवलं. "तीस वर्षं झाले, लेपच देतो मी. बेंबीखाली लावाचा. बाळ भुईले लागलं का लगेच धुवाचा. जिभेले लागू द्याचा नाई. लेपच सांगतला होता."

"कोनाले सांगतला?"

तिनं मान वर केली. "तुलेच नं, बाबू."

देवाजी राहीबाईकडे वळला. "राहीबाई... पुडी कोनं वाचली?"

"मनकर्णेनंच. सातवी शिकेल हाय नं." तिनं कनवटीचा कागद काढला.

निळी शाई. शेपटीवाला 'द'. तहसिलीतले सगळे देवाजीच्या ज्या 'द'ला हसत, तोच.

"आयका," देवाजीनं कागद वर धरला. "कंद बराबर होता. सांगणारी बराबर होती. हे म्हणली, 'पोटाले लेप द्या.' मी पैजेच्या नादात 'लेप' गिळला. लिवलं, 'पोटाले द्या.' अन् आपल्यात पोटाले देणं म्हंजे खाऊ घालणं. पोरीनं वाचलं तसं केलं. सोडा बाईले. जमादार आला का मले दाखवा."

लोकांनी म्हातारीला वाट करून दिली. बयनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

जमादारानं कागद जप्त केला, जबाब घेतला. "बोलावतो, तवा ये," म्हणाला.

बाजाराचा दिवस उजाडला. आदिलाबादहून ना बाळाची खबर, ना मनकर्णेची.

"जाऊ दे, देवाजी," चंपतराव म्हणाला. "कायची पैज आता."

देवाजीनं घुंगरमाळ स्वतःच गळ्यात बांधली.

"मी बैल हाव! कळलावी खाची नाई! लेपाची हाय! अर्धं लिवणारा बैल मीच!"

परगावचे लोक पोट धरून हसले. आपल्या गावचे खाली पाहत राह्यले.

आदिलाबादची बस आली. माळ मुठीत दाबून तो पाहत राह्यला. ओळखीचं कोणी उतरलं नाही.

त्यानं मूठ सोडली, माळ पुन्हा वाजली, आणि 'कळलावी खाची नाई' वरडत तो मिरचीवाल्यांच्या ओळीकडे वळला.