बाईसाहेबांचा मोजणीदार

सकाळी ती दवाखान्याचं दार उघडायला गेली, तर दार उघडेना. बाहेरून कोणीतरी टेकून बसलं होतं. जोर लावून तिनं फटीतून डोकं बाहेर काढलं.

"माफ करा," बाहेर उभा असलेला माणूस म्हणाला, "बाईसाहेब बसल्यात. मनात आल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत."

बाईसाहेब म्हणजे करड्या लोकरीचं, घोड्याहून हातभर उंच, सहा पायांचं जनावर. या ग्रहावर माणसं येऊन अकरा वर्षं झाली होती, पण बारीक लाल वाळूत गाड्यांची चाकं रुतायची ती रुतायचीच. म्हणून दूरच्या कामांना हीच जनावरं. आणि तो माणूस मोजणीदार होता, डोंगरापलीकडच्या दऱ्यांचे नकाशे करणारा.

ती जनावरांची डॉक्टर. वस्तीप्रमुख असलेल्या मामांच्या शब्दाखातर तीन वर्षांसाठी आलेली. पुढच्या महिन्यातल्या जहाजानं ती आणि तिचा कुत्रा भिडू पृथ्वीवर, तिच्या ताईकडे परत जाणार होते.

खिडकीतून उडी मारून ती बाहेर आली. बाईसाहेबांच्या चौथ्या पायात काचेसारखा दगड घुसला होता.

"किती दिवस लंगडतेय?"

"दोन."

"आणि तुम्ही हिच्यावर सामान लादून आलात?"

"सामान माझ्या पाठीवर आहे," तो हळूच म्हणाला.

खरंच होतं. तिनं मान खाली घातली, हसू लपवायला.

जखम भरायला सहा दिवस लागले. सहाही दिवस तो पट्टी बदलायच्या वेळेला हजर.

"पट्टी मी एकटी बांधू शकते," ती एकदा म्हणाली.

"माहीत आहे. पण बाईसाहेबांना माझी सवय आहे..."

"बाईसाहेब तर झोपल्यात."

"हो का? —मग जरा बसतो. उठवायला नको."

सातव्या दिवशी तो निघाला. वस्तीतल्या विहिरीचं पाणी आटत चाललं होतं. दरीत झरा मिळाला नाही, तर सगळ्यांनाच बिऱ्हाड गुंडाळावं लागणार होतं. आठ दिवसांत येतो म्हणाला. दरीत वायरलेस लागत नसे, त्यामुळे वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

तो गेल्यानंतर दहाव्या दिवशी बाईसाहेब एकट्याच परतल्या. खोगीर फाटलेलं, अंगभर लाल धूळ.

"बाकीची जनावरं कामांवरून परतायला तीन दिवस लागतील," मामा म्हणाले. "तोवर धीर धर."

"तुम्ही धरा, मामा," असं म्हणून तिनं पाण्याच्या पिशव्या भरल्या.

बाईसाहेब पुढे, भिडू मागे, मधे ती. दुपारी दरीच्या तोंडाशी बाईसाहेब थबकल्या. कडा ढासळून वाट बुजली होती. भिडूनं दगडांत नाक खुपसलं, एका फटीतून आत शिरला आणि भुंकत सुटला. ती रांगत त्याच्या मागे गेली.

मोजणीदार कातळाला पाठ टेकून बसला होता. पाय मोडलेला, ओठ सुजलेले. शेजारी मनगटाएवढी पाण्याची धार वाहत होती.

"तू काही बोलत का नाहीस? किती हाका मारल्या," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "आज... एकदम अरे-तुरेवर?"

"पाय इकडे कर."

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात ना?"

"म्हणूनच."

तिनं त्याच्या मोजणीच्या काठ्या लावून पाय बांधला. तो कळवळला, पण तक्रार केली नाही. दगड हटवून वाट मोकळी करायला दोन तास गेले. बाईसाहेब आपणहून गुडघ्यांवर बसल्या. त्याला पाठीवर चढवून तिनं परतीची वाट धरली. त्याचा पाय हलू नये म्हणून त्यावर हात ठेवून ती चालत होती.



"जहाज कधी येतंय?" त्यानं विचारलं.

"वीस तारखेला."

"मी... थांब म्हणणार नाही. ताई वाट बघत असेल तुझी."

"कोणी म्हणायला सांगितलंय का?"

त्यानं बाईसाहेबांच्या लोकरीत बोटं खुपसली. मग म्हणाला, "पण थांबलीस तर मला फार बरं वाटेल. झरा सापडला तेव्हा वाटलं, आधी तुला सांगावं. मामांना नंतर."

तिनं वर पाहिलं नाही. फक्त पायावरचा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला, आणि वस्ती दिसेपर्यंत काढला नाही.

वीस तारखेला जहाज आलं. तिनं ताईला लांबलचक पत्र लिहून खलाशाच्या हाती दिलं. जहाज उडाल्यावर घरी आली, तर मोजणीदार कुबड्या टेकत दारात उभा, आणि मामा त्याला विचारत होते, "पाणी मिळालं, आभारी आहोत. आता आणखी काय हवंय?"

"तेच मागायला आलोय," तो म्हणाला.

मामांनी भाचीकडे पाहिलं. तिनं पुढे होऊन त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.